एकोणतिसावी निवड: ब्रॅड सिनोपोली क्वार्टरबॅकचा रिसीव्हर कसा झाला

२०१० साली हेक क्रायटन करंडक ऑटवा विद्यापीठाच्या ‘जी-जीज’ संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ब्रॅड सिनोपोली याला मिळाला. कॅनडातल्या विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९६७ पासून दिला जाणारा हा मान; फुटबॉल म्हणजे इथे हातात चेंडू घेऊन खेळायचा, अमेरिकन धाटणीचा. पुढच्या मे महिन्यात कॅनेडियन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला, तेव्हा त्याच्याआधी अठ्ठावीस नावं पुकारली गेली. चौथ्या फेरीत, एकोणतिसाव्या क्रमांकावर, कॅल्गरी स्टॅम्पीडर्सनी त्याला घेतलं.

याच खेळाडूने २०१८ मध्ये रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून एका मोसमात ११६ झेल घेतले. कॅनेडियन खेळाडूने तोवर एका मोसमात इतके झेल घेतलेले नव्हते. आधीचा उच्चांक मॉन्ट्रियलच्या बेन कहूनचा होता, २००३ मधला, ११२ झेलांचा. कहून हा कारकिर्दीत १,०१७ झेल घेणारा जातिवंत रिसीव्हर. सिनोपोली पंचविशीपर्यंत चेंडू फेकत होता, झेलत नव्हता.

ही कारकीर्द जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण तेवढ्याने ती उलगडत नाही. संघयादीच्या हिशेबात एका जागेवर त्याला शून्य भाव होता आणि दुसऱ्या जागेवर चांगला भाव होता, हे या प्रकरणाचं मूळ आहे. खेळातलं बाकी सगळं त्यानंतर.

यादीतला शून्य

आयपीएल पाहणाऱ्याला हा हिशेब चटकन कळेल. तिथे अंतिम अकरात चारपेक्षा जास्त परदेशी खेळाडू चालत नाहीत. त्यामुळे ज्या कामाला चांगला भारतीय खेळाडू मिळणं अवघड, ते काम करणाऱ्या भारतीयाचा लिलावातला भाव त्याच्या खेळापेक्षा वर जातो. कॅनडाच्या लीगमध्ये परदेशी म्हणजे मुख्यतः अमेरिकन. आक्रमणाचे बारा आणि बचावाचे बारा अशा चोवीस जणांपैकी किमान सात कॅनेडियन हवेत, हा नियम सिनोपोलीच्या सगळ्या कारकिर्दीत लागू होता. २०१४ पर्यंत या दोन वर्गांना ‘इम्पोर्ट’ आणि ‘नॉन-इम्पोर्ट’ म्हणत, नंतर ‘इंटरनॅशनल’ आणि ‘नॅशनल’ म्हणू लागले.

क्वार्टरबॅकचा कप्पा मात्र वेगळा होता. संघयादीतले क्वार्टरबॅक निराळे मोजले जात, आणि ते कुठल्या देशाचे आहेत याचा त्या सात जागांशी काही संबंध नव्हता. कॅनेडियन क्वार्टरबॅक खेळवला तरी उरलेल्या तेवीस जागांतून सात कॅनेडियन द्यावेच लागत. म्हणजे कॅनेडियन गार्ड (आक्रमणाच्या रेषेतला), कॅनेडियन सेफ्टी (बचावातला मागचा), कॅनेडियन रिसीव्हर या तिघांच्या पासपोर्टला किंमत, आणि क्वार्टरबॅकच्या पासपोर्टला काहीच नाही. त्याला थेट अमेरिकन विद्यापीठांतून आलेल्या क्वार्टरबॅकशी टक्कर द्यायची. अमेरिकन मुलगा वर्षाला बारा-तेरा सामने खेळून येतो. कॅनडातल्या विद्यापीठाचा नियमित मोसम आठ सामन्यांचा. चार-पाच वर्षांत ही तफावत शेकडो स्नॅपची होते (चेंडू मागे देऊन चाल सुरू करतात तो स्नॅप), आणि क्वार्टरबॅकची नजर स्नॅप घेऊन घेऊनच तयार होते.

याच ऑटवा शहराच्या जुन्या ‘रफ रायडर्स’ संघात रस जॅक्सन नावाचा कॅनेडियन क्वार्टरबॅक होता. तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९६९ चा ग्रे कप, म्हणजे लीगचा करंडक, जिंकून निवृत्त झाला. त्यानंतरच्या चार दशकांत त्याच्या तोडीचा कॅनेडियन क्वार्टरबॅक उभा राहिला नाही. मुलांच्या हातात दम नव्हता असं मानण्याची गरज नाही. त्यांच्यावर तीन वर्षं खर्च करण्यात क्लबचा फायदाच नव्हता.

कॅल्गरीत रांगही मोठी होती. २०११ मध्ये हेन्री बरिस मुख्य क्वार्टरबॅक, त्याच्यामागे ड्रू टेट. २०१२ च्या सुरुवातीला बरिस हॅमिल्टनला गेला आणि त्या बदल्यात केव्हिन ग्लेन आला. त्याच वर्षी बो लेव्ही मिचेल दाखल झाला, जो पुढे २०१४ पासून कॅल्गरीचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. अशा रांगेतल्या तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला सरावात काय येतं? मुख्य क्वार्टरबॅक बहुतेक स्नॅप घेतो, दुसरा उरलेले. तिसऱ्याने पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली आपल्याच बचावापुढे करून दाखवायच्या. सामन्याच्या दिवशी हातवारे करून चाली कळवायच्या, किक मारणाऱ्यासाठी चेंडू धरायचा. अशी दोन वर्षं काढलेला खेळाडू क्वार्टरबॅक म्हणून सुधारत नाही, फक्त वयाने वाढतो.

२०१३ मध्ये सिनोपोलीने जागा बदलली. उंची सहा फूट चार इंच, वजन २१५ पौंडांच्या घरात. रिसीव्हरसाठी अंगकाठी उत्तम, आणि क्वार्टरबॅक म्हणून पळायची सवयही होती. बदल कागदावर सोपा दिसत होता.

पायांचं नवं शिक्षण

कॅनडाचं मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेचं १०० लांब आणि ५३ यार्डांहून थोडं रुंद. दहा यार्ड गाठायला अमेरिकेत चार डाऊन, म्हणजे प्रयत्न, इथे तीन. तिसऱ्या डाऊनला संघ बहुधा पंट मारून, म्हणजे लांब लाथाडून, चेंडू सोडतात, म्हणजे खरे डाऊन दोनच. पहिल्या डाऊनला धावून तीनच यार्ड मिळाले की दुसऱ्यावर सात यार्ड हवेत आणि चेंडू हवेतून जाणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक. म्हणून कॅनडातला खेळ फेकीचा, आणि पाच रिसीव्हर मैदानात असणं ही रोजची गोष्ट.

या खेळाची खास खूण म्हणजे वॅगल. स्नॅपच्या आधी आघाडीच्या रेषेमागे उभ्या असलेल्या खेळाडूंना कुठल्याही दिशेने पळता येतं, पुढेसुद्धा. अमेरिकेत हे चालत नाही. स्लॉटबॅक, म्हणजे आतल्या बाजूचा रिसीव्हर, रेषेच्या आठ-दहा यार्ड मागून धाव घेतो आणि चेंडू हलतो त्या क्षणी पूर्ण वेगात रेषेला भिडतो. समोरचा बचावपटू तेव्हा जागेवर उभा असतो. गोलंदाजाचा रनअप आणि क्रीज आठवा. फरक इतकाच की इथे चेंडू कधी सुटणार हे दुसऱ्याच्या हातात.

इथेच नवखा मार खातो. पाव सेकंद लवकर पोचला तर रेषा ओलांडल्याबद्दल पाच यार्डांचा दंड, आणि दुसऱ्या डाऊनवरचे सात यार्ड बारा होतात. दंडाच्या भीतीने धाव आखडली तर नुकसान कुठे लिहिलं जात नाही, पण जास्त होतं: तो अर्ध्या वेगाने रेषेवर येतो आणि क्वार्टरबॅकने मनात धरलेल्या वेळेपेक्षा मागे पडतो. खुणेवरून वेळ साधावी लागते: क्वार्टरबॅकचा उचललेला पाय, हाताची हालचाल, स्नॅपचा ठरलेला मोजका ठेका. रजायनासारख्या गोंगाटी मैदानावर आवाजावर विसंबून चालतच नाही. सिनोपोलीला या बाबतीत एक सोय होती. खुणा देणाऱ्याच्या जागी तो वर्षानुवर्षं उभा राहिला होता.

पण पाय शिकायला डोकं पुरत नाही. वॅगलमधून आलेला वेग घेऊन बारा यार्डांवर एकदम आत किंवा बाहेर वळायचं म्हणजे दोन-तीन पावलांत तो वेग मारावा लागतो. त्यासाठी कंबर खाली बसली पाहिजे. उंच माणसाची कंबर बसत नाही. तो आधी छाती वर करतो, पावलं बारीक करतो, आणि बचावपटूला वळणाची आगाऊ वर्दी मिळते. वळणही मग गोल होतं. चौदा यार्डांवरून गोल वळत आलेला रिसीव्हर बारा यार्डांवर टोकदार वळलेल्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा मोकळा होतो, आणि तेवढ्यात चेंडू मधल्या बचावपटूच्या हातात.

हातांचं काम वेगळं. फेकणाऱ्याचे हात चेंडूवर शिवण शोधतात. झेलणाऱ्याने चेंडूचं टोक डोळ्यांत धरायचं, तो अंगावर येऊ न देता बोटांनी पुढे जाऊन घ्यायचा, काखेत लपवायचा आणि मग पाहायचं कोण आपटायला येतंय. नवे रिसीव्हर शेवटचे दोन टप्पे उलटे करतात. मधल्या पट्ट्यात, लाइनबॅकरच्या (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूच्या) पुढ्यात झेल घेताना तर हमखास. शिवाय रेषेपासून पाच यार्डांपर्यंत बचावपटूला हात लावायची मुभा असते. तो खांदा धरून वाट मोडतो. त्याचा हात झटकून निघणं हीसुद्धा हजार वेळा करून येणारी कला.

आणि एक काम ज्याची जाहिरात होत नाही: स्पेशल टीम, म्हणजे किकच्या चालींसाठीची तुकडी. संघात सुरुवातीला न खेळणाऱ्या कॅनेडियनांनी पंट आणि किकऑफला धावायचं, हा अलिखित करार. कॅनडात चेंडू घेणाऱ्याला हात वर करून खेळ थांबवायची सोय नाही. त्याऐवजी चेंडू त्याच्या हाती येईपर्यंत पाच यार्डांचं वर्तुळ मोकळं सोडावं लागतं. पंटमागे पूर्ण वेगाने धावायचं आणि त्या वर्तुळाच्या काठावर थबकायचं. हे काम किती निर्णायक ठरतं ते सिनोपोली कॅल्गरीत असतानाच दिसलं. २०१४ च्या ग्रे कपात हॅमिल्टनने शेवटच्या मिनिटात पंट ९० यार्ड परत आणून टचडाऊन केला होता, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला होता. त्यांच्या एका खेळाडूच्या बेकायदा अडवणुकीमुळे तो रद्द झाला आणि कॅल्गरीने २०–१६ असा करंडक नेला.

जे आधीच येत होतं

रिसीव्हर घडवताना प्रशिक्षकांना सर्वात जास्त वेळ लागतो तो झोन बचाव ओळखायला शिकवताना. मॅन बचावात प्रत्येक जण एकेक रिसीव्हर धरतो, तिथे एकाला हरवायचं असतं; झोनमध्ये प्रत्येक जण मैदानाचा एकेक भाग राखतो, तिथे दोघांच्या मधली मोकळी जागा शोधून तिथे थांबायचं असतं. नुसता वेगवान रिसीव्हर त्या जागेतून सुसाट निघून जातो. ती जागा क्वार्टरबॅकला दिसते, रिसीव्हरला नाही, कारण तो पळत असतो.

सिनोपोलीला ती दिसायची, आणि त्याहून महत्त्वाचं, क्वार्टरबॅकला ती कधी दिसेल हेही कळायचं. चालीत पाहण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी हा रिसीव्हर, मग तो, मग धावपटू. आपण क्रमात दुसरे असलो तर लवकर मोकळं होण्यात फायदा नाही. क्वार्टरबॅकची मान आपल्याकडे वळेल तेव्हा मोकळं असायला हवं. चेंडू अडीच-तीन सेकंदांत सुटतो. त्यातल्या नेमक्या क्षणी मोकळं असणं यालाच प्रशिक्षक ‘विश्वासाचा रिसीव्हर’ म्हणतात. चाल मोडून क्वार्टरबॅक पळू लागला की काय करायचं तेही त्याला शिकवावं लागलं नसणार: तो पळतोय त्या बाजूला सरकायचं, खोल असलो तर परत यायचं, आणि त्याला दिसेल अशा ठिकाणी उभं राहायचं.

माजी क्वार्टरबॅकची चूक वेगळीच असते. बचाव पाहून दिशा ठरवायच्या रूटमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या धावेच्या वाटेत, दोघांनी एकच गोष्ट वाचली पाहिजे. माजी क्वार्टरबॅकला त्याहून सरस तिसरा पर्याय दिसतो आणि तो तिकडे वळतो. चेंडू मात्र साध्या, ठरलेल्या पर्यायाकडे गेलेला असतो. बरोबर वाचूनही झेल हुकतो, प्रसंगी चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. अशा वेळी आपली हुशारी गिळून समोरच्या क्वार्टरबॅकच्या डोक्याने खेळावं लागतं. एकाच क्वार्टरबॅकबरोबर सलग दोन-तीन मोसम काढणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

कॅल्गरीत जागा का नव्हती

कॅल्गरीकडे तेव्हा जॉन कॉर्निश होता. कॅनेडियन रनिंगबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, २०१३ मध्ये १,८१३ यार्ड धावून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. रनिंगबॅक ही सहसा अमेरिकनाची जागा. तिथे कॅनेडियन असला की सातांपैकी एक जागा तिथेच भरते. मग रिसीव्हरमध्ये निक लुईस, मार्के मॅकडॅनियल असे अमेरिकन बिनधास्त खेळवता येतात. शिवाय २०११ च्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला कॅनेडियन रिसीव्हर अँथनी पार्कर तिथे होता. सिनोपोली शिकत होता, सुधारत होता, करंडकही जिंकला. पण त्या संघाला त्याची गरज नव्हती. कॉर्निश नसता तर कॅल्गरीने त्याला सोडला नसता, असं आमचं मत.

ऑटवात उलटं होतं. १९९६ नंतर रफ रायडर्स बंद, मग २००२ ते २००५ ‘रेनेगेड्स’ नावाचा अल्पायुषी प्रयोग, आणि २०१४ मध्ये नवा ‘रेडब्लॅक्स’ संघ. पहिल्या मोसमात अठरापैकी दोन विजय. क्वार्टरबॅक हेन्री बरिस, तोच, ज्याच्याबरोबर सिनोपोली २०११ मध्ये क्वार्टरबॅकच्या बैठकीत बसत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडला तेव्हा ऑटवाने एका आठवड्यात आक्रमणाचा चेहराच बदलला: ख्रिस विल्यम्स, ग्रेग एलिंगसन, अर्नेस्ट जॅक्सन हे तीन अमेरिकन रिसीव्हर, टॅकल (आक्रमणाच्या रेषेच्या टोकाचा खेळाडू) सरव्हिन्सेंट रॉजर्स, आणि सिनोपोली.

या खरेदीतली गंमत रॉजर्सपाशी आहे. आक्रमणाच्या रेषेतल्या पाचपैकी बऱ्याच जागा संघ कॅनेडियनांनी भरतात, कारण कॅनडाची विद्यापीठं मोठ्या अंगाचे लाइनमन चांगले घडवतात. पण क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू सांभाळणाऱ्या टॅकलच्या जागी अमेरिकन हवा असेल तर एक कॅनेडियन दुसरीकडे द्यावा लागतो. तो रिसीव्हरमध्ये द्यायचा तर दोन मार्ग. स्वस्त मार्ग म्हणजे त्याला रुंद बाजूच्या टोकाला उभा करायचा आणि विसरायचं.

‘रुंद बाजू’ म्हणजे काय ते मोजूनच पाहू. चाल जिथून सुरू होते त्या पट्ट्याच्या कडा दाखवणाऱ्या हॅश खुणा २०२१ पर्यंत मैदानाच्या दोन्ही कडांपासून २४ यार्डांवर असत. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे २४ यार्ड, उजवीकडे ४१. क्वार्टरबॅक रेषेच्या सात यार्ड मागे. उजव्या टोकाचा रिसीव्हर ३५ यार्ड दूर आणि १५ यार्ड खोल गेला तर चेंडूला तिरका ४१ यार्डांचा प्रवास. डाव्या टोकाचा १८ यार्ड दूर आणि तितकाच खोल असेल तर २८ यार्ड. त्या तेरा यार्डांत बचावपटू पोचतो. म्हणून रुंद टोकाकडे चेंडू कमी जातो, आणि अनेक प्रशिक्षक तिथे ‘मोजणीपुरता’ कॅनेडियन उभा करतात. जागा भरते, पण बचाव त्याच्याकडे दुर्लक्ष करून उरलेल्या चौघांवर माणसं वाढवतो.

महाग मार्ग म्हणजे आतला स्लॉट कॅनेडियनला देणं. बारा यार्ड बाजूला आणि आठ यार्ड खोल असलेल्या स्लॉटबॅकपर्यंत चेंडूला जेमतेम १९ यार्ड जायचं असतं. ही फेक बारा महिने, वाऱ्यात, नोव्हेंबरच्या थंडीत जमते. तिथे चेंडू सतत येतो, म्हणून तिथला माणूस खरा लागतो. २०१५ मध्ये अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा ५०.५ लाख डॉलर होती आणि किमान पगार ५१,००० डॉलर. अशा बाजारात खऱ्या कॅनेडियन स्लॉटबॅकला अमेरिकनाच्या बरोबरीने पैसे द्यावे लागले तरी परवडतं, कारण त्याच्या जागेमुळे दुसरीकडची एक जागा सुटते. रॉजर्स त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम आक्रमक लाइनमन ठरला. दोन्ही करार एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय एकाचीही किंमत कळत नाही.

त्या मोसमात विल्यम्स, एलिंगसन, जॅक्सन आणि सिनोपोली, चौघांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. बरिसने ४८१ यशस्वी फेकींचा लीगचा उच्चांक केला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन विजयांवरून बारा. ग्रे कपात एडमंटनकडून २६–२० हार.

२०१६ मध्ये नियमित मोसम अगदीच सामान्य गेला, आठ विजय, नऊ पराभव, एक बरोबरी. आणि तरी अंतिम सामन्यात, टोरंटोत, पंधरा सामने जिंकून आलेल्या कॅल्गरीला जादा वेळेत ३९–३३ असं हरवलं. निर्णायक झेल जॅक्सनचा, सामनावीर बरिस, आणि अंतिम सामन्यातला सर्वोत्तम कॅनेडियन सिनोपोली. ऑटवाला १९७६ नंतर ग्रे कप मिळाला. १९७६ चा विजयी झेलही कॅनेडियनाचाच होता, टॉम क्लेमेंट्सच्या फेकीवर टोनी गॅब्रिएलचा, शेवटची वीस सेकंद उरलेली असताना. त्या शहरात अजूनही तो नुसत्या ‘द कॅच’ या नावाने ओळखला जातो.

११६ चा अर्थ

२०१५ ते २०१८, सलग चार मोसम हजारावर यार्ड. बरिस २०१६ नंतर निवृत्त झाला, आणि २०१६ पासूनच संघात असलेला ट्रेव्हर हॅरिस मुख्य क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक बदलला की आतल्या रिसीव्हरचे आकडे सहसा घसरतात, इथे टिकले आणि २०१८ मध्ये वाढले. हॅरिस लवकर, अचूक आणि आखूड फेकणारा, आणि आखूड फेकीत जागा वाचणाऱ्याला महत्त्व.

२०१८ चे आकडे: ११६ झेल, १,३७६ यार्ड, ४ टचडाऊन. झेलामागे ११.९ यार्ड. लीगच्या नामांकित खोल रिसीव्हरच्या तुलनेत हे कमी आहे. विनिपेगच्या मिल्ट स्टेगलची कारकिर्दीची सरासरी सतराच्या वर होती. पण दोन डाऊनच्या खेळात सरासरी झेल दहा यार्डांच्या वर गेला की आक्रमण मैदानात टिकतं. अठरा सामन्यांच्या मोसमात असे सामन्याला सहाहून अधिक झेल. त्यातले कितीतरी झेल चार नव्हे तर तीन डाऊनच्या खेळात पंट टाळतात, हे अमेरिकन आकड्यांची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरा डाऊन, सात यार्ड, हे चित्र घ्या. रुंद बाजूला तीन रिसीव्हर. टोकाचा सरळ खोल पळतो आणि कॉर्नरबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, ओढून नेतो. बाहेरचा स्लॉट पंधरा यार्डांवर मध्याकडे वळतो. सेफ्टी आणि आतला हाफबॅक त्याच्यामागे. आतला स्लॉट, सिनोपोली, आठ यार्डांवर लाइनबॅकरच्या पाठीमागे येतो. झोन दिसला की थांबतो, क्वार्टरबॅककडे तोंड करतो, दोन पावलं बाजूला सरकून त्याची वाट मोकळी करतो. मॅन दिसला की थांबत नाही, वेग न मारता कडेकडे पळत राहतो. चेंडू हातात आला की जागेवरच आठ यार्ड, म्हणजे डाऊन झालेला. सहा फूट चार इंचांचा देह पुढे पडला की आणखी दोन. या चालीत टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. ती एका सामन्यात सहा वेळा चालते, इतकंच.

चारच टचडाऊनबद्दल नाक मुरडणारे होते. गोलरेषेजवळ जागा आखूड होते आणि झोनमधल्या फटी बुजतात. तिथे उडी मारून चेंडूसाठी झगडणारा किंवा एका हालचालीत सुटणारा रिसीव्हर जास्त कामाचा, आणि ऑटवाकडे एलिंगसन होता. सिनोपोलीचं काम चेंडू तिथवर नेणं. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. ग्रे कपात मात्र कॅल्गरीने २७–१६ असा हिशेब चुकता केला.

एका हिवाळ्यात सगळं सुटलं

फेब्रुवारी २०१९ मध्ये हॅरिस, एलिंगसन आणि रॉजर्स तिघंही एडमंटनला गेले. एप्रिलमध्ये आक्रमणाचे समन्वयक हाइमे एलिझोंडो सोडून गेले, मोसम तोंडावर असताना. ऑटवाने त्या मोसमात तीन सामने जिंकले, पंधरा हरले. सिनोपोली हजार यार्डांच्या बराच खाली राहिला.

त्याचे पाय एका वर्षात म्हातारे झाले असं म्हणणं चूक ठरेल. वेळेवर आणि वाचनावर उभा असलेला रिसीव्हर क्वार्टरबॅकपेक्षा जास्त पुढे जाऊच शकत नाही. नवा क्वार्टरबॅक पहिल्या पर्यायावरच अडतो. दुसऱ्यापर्यंत मान वळेपर्यंत रेषा कोसळलेली असते, आणि दुसरा पर्याय म्हणजे बहुधा तोच. खोल पळणाऱ्या वेगवान रिसीव्हरला वाईट मोसमातही चार लांब फेकी मिळून आकडा भरता येतो. आखूड पल्ल्यावर जगणाऱ्याला ती सोय नाही. त्यात बाजूचा एलिंगसन गेल्यावर दुहेरी पहारा याच्याकडे वळला.

२०२० चा मोसम महामारीमुळे झालाच नाही. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला.

नियम बदलला तेव्हा

२०१९ च्या सामूहिक करारात लीगने एक जुनी गोष्ट सुधारली: सुरुवातीला खेळणारा कॅनेडियन क्वार्टरबॅक सात कॅनेडियनांमध्ये मोजला जाऊ लागला. शून्य भाव संपला. २०२० च्या ड्राफ्टमध्ये ब्रिटिश कोलंबियाने नेथन रूर्कला दुसऱ्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर घेतलं. २०२२ मध्ये तो त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक होता आणि लीगचा सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. श्रेय सगळं नियमाला देता येणार नाही. रूर्क अमेरिकेत ओहायो विद्यापीठात खेळून आला होता, म्हणजे स्नॅपची ती तूटही त्याला नव्हती. सिनोपोलीकडे दोन्ही नव्हतं.

तो २०११ ऐवजी २०२० मध्ये ड्राफ्टला आला असता, तर एकोणतिसाव्या निवडीपर्यंत थांबावं लागलं नसतं असं वाटतं. कुठल्यातरी क्लबने त्याला दुसरा क्वार्टरबॅक म्हणून चार-पाच वर्षं जपला असता, आठ सामन्यांच्या मोसमातून आलेल्या हाताला वेळ दिला असता. आणि मग पंचविशीत स्लॉटबॅकच्या रांगेत जाऊन उभं राहायला त्याला कुणी सांगितलं नसतं.